चार पुड्यांची भाजी

मी स्वयंपाक करताना चव घेत नाही. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करत नाहीत. सहासष्ट साली लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "द्वारका, मीठ हाताला कळलं पाहिजे." कळायला लागलं. तेरा माणसांची आमटी असो की दोघांची, मी चिमटीनं मीठ घालत आले आणि कधी कुणी पानात वरून मागून घेतलं नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी मुलगा आणि सून जेवायला आले होते. आनंद आणि पूर्णिमा. दोघं खराडीला राहतात आणि तिथल्याच कंपन्यांत नोकरी करतात. मी अळूची पातळ भाजी केली होती. पहिल्या घासाला आनंद थांबला. पूर्णिमानं पाण्याचं भांडं उचललं.

"आई, मीठ जरा..."

"जरा काय?"

"जरा दोनदा पडलंय."

मी चाखून पाहिली. तोंडात धरवेना. त्या महिन्यातली ती तिसरी वेळ होती. आधीच्या दोन भाज्या मी गुपचूप टाकून दिल्या होत्या आणि दहीभात खाल्ला होता.

मला जुनं सगळं आठवतं. कर्वेनगरात आम्ही हे घर घेतलं एकोणऐंशी साली. तेव्हा खिडकीतून ज्वारीची शेतं दिसत आणि संध्याकाळी सातनंतर रिक्षावाला इकडे यायला नाही म्हणायचा. सामान आणलं त्या टेम्पोवाल्याचं नाव नागोराव होतं आणि त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. हे सगळं आहे. पण पाच मिनिटांपूर्वी मी मिठाच्या बरणीत हात घातला होता की नाही, ते मात्र कोणीतरी पुसून टाकल्यासारखं जातं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर आनंद म्हणाला, "आई, खराडीला ये."

"मला इथे काय झालंय?"

"आज काही झालेलं नाही. पण तू एकटी आहेस. स्वयंपाकाला बाई ठेवली, तू घालवलीस. दुसरी ठेवली, तीही घालवलीस."

"पहिली पोळीला तेल लावत नव्हती, थापत होती. दुसरी कढीपत्ता धूत नव्हती."

"बरं. मग ठरवूया. जोवर तुझं तू नीट करून खातेस तोवर मी शब्द काढणार नाही. पण ज्या दिवशी ते जमत नाही असं दिसेल, त्या दिवशी हे घर बंद. गॅसपाशी विसरणारं माणूस एकटं ठेवायची माझी हिंमत नाही."

त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणत नाही. मी हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात पूर्णिमानं एक खोका आणला. सेंद्रिय मसाले, एका वेळेपुरते. बोटाएवढ्या चपट्या पुड्या, आतून चंदेरी, बाहेर हिरवं पान छापलेलं आणि खाली 'निसर्गाच्या अगदी जवळ'. एका भाजीला चार: हळद, तिखट, गोडा मसाला आणि सैंधव.

"आई, यात प्रमाण ठरलेलं असतं. माझ्या ऑफिसातल्या सगळ्या हेच वापरतात. तुम्हाला सोपं जाईल."

"निसर्गाच्या एवढं जवळ आहे तर चांदीच्या कपड्यात कशाला गुंडाळलाय?" मी म्हटलं.

ती हसली. तिला माझी सवय आहे.

आठवडाभर तो खोका तसाच पडून होता. अर्ध्या चमच्याची हळद, तिला एवढा पोशाख. आमच्या लहानपणी वाणी रद्दीच्या कागदाची पुडी बांधून द्यायचा. सासूबाई तो कागद हातानं सारखा करून गादीखाली ठेवत आणि दोरा रिळाला गुंडाळत. पुडीतला मसाला संपला तरी पुडीचं काहीच संपत नसे. असं सगळं मनात म्हणत मी एक दिवस नाइलाजानं ते वापरायला घेतलं, कारण घरातली हळद संपली होती.

दुधी शिजत होता आणि दाराची बेल वाजली. परत आले तेव्हा नेहमीसारखं डोकं रिकामं झालेलं. मीठ घातलं का? ओट्याकडे पाहिलं. तीन पुड्या फाटलेल्या, एक मिटलेली. मिटलेली सैंधवाची. म्हणजे नाही घातलं.

मी पाटावर बसले आणि रडले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. स्वयंपाकाला लागताना ओट्यावर चार पुड्या ओळीनं मांडायच्या. फोडली की रिकामी पुडी त्याच जागी परत ठेवायची. चारही फाटल्या की भाजी झाली. जेवण होईपर्यंत ओट्याला हात लावायचा नाही. याआधी मी बाकीचं सगळं करून पाहिलं होतं. मीठ घातलं की चमचा उजवीकडे ठेवायचा. पण चमचा आधी सरकवला की नंतर, हेच आठवायचं नाही. वहीत खूण केली, तर ती खूण आजची की कालची? फाटलेली पुडी मात्र फाटलेलीच असते. आनंद पुढच्या रविवारी जेवला, त्याच्या पुढच्या रविवारी जेवला, आणि दोनदा भाजी मागून घेतली. खराडीचा विषय निघाला नाही.

आता वेणूबाईंविषयी.

आमच्या तीन इमारतींचा कचरा वेणूबाई नेतात. बीडकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात आईच्या कडेवर बसून पुण्यात आल्या, वारज्याच्या वस्तीत वाढल्या, तिथेच सून म्हणून दुसऱ्या गल्लीत गेल्या. सकाळी साडेआठला दारात येतात. ओला वेगळा, सुका वेगळा. मग खाली पार्किंगच्या कोपऱ्यात उकिडवं बसून सुका कचरा निवडतात: बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या. भंगारवाला जे घेतो ते त्यांचं. जे घेत नाही ते पोत्यात भरून त्यांनाच महापालिकेच्या शेडपर्यंत ओढत न्यावं लागतं, आणि तिथला मुकादम वर शिव्या देतो.

"आजी," त्या एकदा दारातच म्हणाल्या, "तुमच्या घरी रोज पंगत असती का?"

"का हो?"

"न्हाई, एवढ्या पुड्या. एकटं माणूस अन् कचरा मंगल कार्यालयाचा."

"त्या विकल्या जात नाहीत?"

"कोण घेतंय? आत चांदी, भायेर पिलास्टिक. दोन्ही एकमेकाला सोडत न्हाईत. शेडमधी बी घेत न्हाईत. मग नाल्याकडंला पेटवत्यात. त्याचा धूर आमच्याच घरात."

मी मनात म्हटलं, बोटाएवढ्या चार पुड्या, त्यानं असा काय फरक पडतो.

पुढच्या वर्षीच्या थंडीत वेणूबाई सहा दिवस आल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसरीच बाई येत होती. सातव्या दिवशी त्या आल्या त्या डाव्या डोळ्याला पट्टी बांधून.

"काय झालं हो?"

"तिखट गेलं डोळ्यात."

"स्वयंपाक करताना?"

"निवडताना. पुडीत तिखट राहिलं हुतं. मी झटकली अन् नेमका वारा आला. हात तसलेच, त्याच हातानं चोळला डोळा. जखम झाली आत. पट्टी निघंल म्हणलेत, पण धुरकट दिसणार त्ये दिसणारच."

"माझी होती पुडी?"

"तुमचीच असंल असं कुठं म्हणते मी?" त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला. "पण ह्या तिन्ही बिल्डिंगीत ह्या पुड्या दुसरं कोण घेतंय, त्ये बी मला म्हाईत न्हाई."

मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला, आणि जे पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. मीठ दोनदा पडणं, आनंदची अट, ओट्यावरची ओळ. त्या उघड्या डोळ्यानं ओट्याकडे पाहत राहिल्या.

"मग चव घ्या की आजी. चव घेतली की कळतंय."

"नैवेद्याच्या आधी?"

"देव काय मीठ तपासायला बसलाय?"

"देव नसेल बसला. माझा हात नाही उचलत हो. अठ्ठावन्न वर्षांत एकदाही नाही उचलला."

"मग घरच घालवा देवाच्या पायी," त्या म्हणाल्या आणि चहा संपवून कप स्वतः विसळून ठेवला. जाताना दारात वळल्या. "कुणाला न्हाई बोलणार मी. काळजी करू नका."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुड्या बंद केल्या. फडताळातून मिसळणाचा पितळी डबा काढला, चिंचेनं घासला, बाजारातून सुट्टी हळद आणि तिखट आणून भरला. हातात त्यातला चमचा आला तेव्हा खरोखर बरं वाटलं. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी फोडणी करपली, कारण मी मोहरी घातली की नाही याचा विचार करत चमचा हातात धरून उभी राहिले होते. किती वेळ, ते माहीत नाही. भिंत काळी झाली होती आणि शेजारचा सुदर्शन दार वाजवत होता, "आजी, धूर येतोय, ठीक आहात ना?" मी म्हटलं, "पापड भाजतेय." भिंत घासायला दोन दिवस लागले.

एका बाजूला माझं घर होतं, दुसऱ्या बाजूला वेणूबाईंचा डोळा. मी पुड्या परत सुरू केल्या. एवढंच ठरवलं की आता त्या बाईच्या हातात माझी एकही पुडी जाणार नाही.

धुऊन देते म्हटलं तर त्या म्हणाल्या होत्या, "धुतली तरी वझं तेवढंच, अन् मुकादम बी त्योच." म्हणून मी त्या द्यायच्याच बंद केल्या. रोज जेवणानंतर पुड्या कात्रीनं तीन बाजूंनी उघडायच्या, साबणानं धुवायच्या, खिडकीत वाळवायच्या, सपाट करून एकावर एक ठेवायच्या. शंभर झाल्या की दोऱ्यानं गड्डी बांधायची आणि आतल्या खोलीतल्या दिवाणात ठेवायची. कधीतरी कोणीतरी या चांदी-प्लास्टिकचं काही करायची युक्ती काढेल, तेव्हा एकदम देता येतील असं वाटायचं. घरात काही साठवून ठेवण्यात गैर आहे, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. आमच्या पिढीच्या बायकांना त्याबद्दल शाबासकी मिळायची.

असे चौदा महिने गेले. वेणूबाईंनी एकदा विचारलं, "पुड्या सोडल्या वाटतं?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही ना येत? झालं मग."

गेल्या मार्चमध्ये आतल्या खोलीत वाळवी निघाली. आनंदनं औषध मारणारा माणूस ठरवला आणि शनिवारी स्वतः आला. मी सकाळीच दोडक्याची भाजी करून कढई झाकून ठेवली होती. नैवेद्य व्हायचा होता. मी देवासाठी फुलं आणायला खाली गेले. परत येते तो आतल्या खोलीतून आनंदची हाक.

दिवाणाची फळी उचलून भिंतीला लावली होती. औषधवाला बाजूला उभा होता, आणि आनंद जमिनीवर बसला होता, मांडीवर एक गड्डी घेऊन.

"आई, हे काय आहे?"

"पुड्या."

"ते दिसतंय. किती आहेत?"

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं. सोळा गड्ड्या होत्या.

"का ठेवल्यास?"

"वेणूबाईंना त्रास नको म्हणून."

तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "कचरा नेणाऱ्या बाईला कचऱ्याचा त्रास नको, म्हणून तू कचरा धुऊन दिवाणात ठेवलास."

असं मांडल्यावर मलाही ते वेड्यासारखं वाटलं.

तो बाल्कनीत जाऊन पूर्णिमाशी फोनवर बोलला. आवाज खाली होता, पण माझे कान चांगले आहेत. "हो, धुतलेल्या. अगं, वाळवून, बंडलं करून... सोळाशे तरी असतील. नाही, वास वगैरे नाही. तेच तर. इतकं नीटनेटकं आहे की मला भीती वाटतेय. होर्डिंग म्हणतात याला, सगळं साठवत राहायचा आजार असतो तो... डॉक्टरांना विचारू, पण आता एकटं नाही ठेवायचं."

मी वेडी नाही हे सांगायचं तर पुड्या का लागतात ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की घर गेलंच. गप्प राहिले तर वेड्याचा शिक्का, आणि तरीही घर गेलंच. त्यातल्या त्यात काय बरं, याचा मी विचार करत होते, तेवढ्यात आनंदनं बाल्कनीतून खाली हाक मारली, "वेणूबाई! पोतं घेऊन जरा वर या."

त्या आल्या. गड्ड्या बघून दारातच थांबल्या. सगळं एका नजरेत कळलं त्यांना. ती बाई कचऱ्याकडे बघून घरातलं सगळं ओळखते.

"आजी, ह्या तुम्ही ठेवल्या? माझ्यापायी?"

"बघा ना," आनंद म्हणाला. "काय करायचं सांगा. आईचं आता वय झालं. डोक्यावर परिणाम..."

"ओ साहेब!" वेणूबाईंनी पोतं खाली टाकलं. "त्यांच्या डोक्याला काय नाव ठेवता? माझा डोळा गेला त्यांच्या पुडीनं, म्हणून ठेवल्यात त्यांनी. असं कोण करतंय? तुमच्या त्या मोठ्या बिल्डिंगीत करतंय कुणी?"

"मग पुड्या वापरायच्याच कशाला?"

मी मान हलवली. नको म्हणून. पण मी उभी होते त्यांच्या डावीकडे.

"लागत्यातच त्यांना! पुडी नसली तर मीठ टाकलं का न्हाई कळत न्हाई त्यांना. फाटलेली पुडी बघून वळखत्यात. वेड्या माणसाला सुचंल का असलं? हुशार हायेत तुमच्या आई, हुशार!"

औषधवाला आपला पंप घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला. वेणूबाईंनी माझ्याकडे चेहरा वळवला, आणि आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा समजलं.

आनंद उठला. स्वयंपाकघरात गेला. मी मागे गेले. कढई गॅसवर झाकलेली होती.

"आई," तो म्हणाला, अगदी हळू, "आजच्या भाजीत मीठ घातलंयस?"

मी ओट्याकडे पाहिलं. ओटा स्वच्छ होता. औषध मारायचं म्हणून त्यानंच तो मी फुलांना गेले होते तेवढ्यात आवरला होता, फडका मारून. डबे फडताळात, तेलाची बरणी खाली, आणि बाकीचं कचऱ्याच्या डब्यात.

"घातलं असंल की," दारातून वेणूबाई म्हणाल्या. "त्या कशा विसरतील?"

मी हो म्हणू शकले असते. नाही म्हणू शकले असते. दोन्हीपैकी एक खरं असणार होतं. मी सकाळ आठवायचा प्रयत्न केला. दोडक्याच्या शिरा काढल्या ते आठवलं. शिरांची चटणी करायची म्हणून बाजूला ठेवल्या तेही आठवलं. पुढे काही नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं झाकण काढलं, चमचा घेतला आणि चव पाहिली. नैवेद्य व्हायचा होता, पण मी त्याला अडवलं नाही. तो घास गिळायला त्याला वेळ लागला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मीठ अगदी बरोबर आहे, आई." आणि सिंककडे तोंड करून उभा राहिला.

वेणूबाईंनी सोळा गड्ड्या दोन पोत्यांत भरल्या. चौदा महिने जे त्यांच्यापासून लांब ठेवलं, ते त्यांनी एका दुपारी माझ्याच जिन्यावरून खाली नेलं, कठडा धरून, एकेक पायरी चाचपत. आनंद मदतीला गेला तर नको म्हणाल्या. शेवटचं पोतं उचलताना माझ्यापाशी आल्या.

"आजी, मी चांगल्यासाठीच बोलले."

"ठाऊक आहे मला."

"मला वाटलं वेडं म्हणत्यात तुम्हाला."

"म्हणत होताच तो. तुम्ही थांबवलंत."

त्यांनी पदरानं चांगला डोळा पुसला. मी त्यांना दोडक्याची भाजी आणि दोन पोळ्या बांधून दिल्या. त्यांनी घेतल्या.

एप्रिलमध्ये घर बंद झालं. आता मी खराडीला असते, चौदाव्या मजल्यावर. आनंद आणि पूर्णिमा माझ्याशी इतकं जपून बोलतात की कधी कधी वाटतं, कोणीतरी टोमणा मारावा. स्वयंपाकाला दीपमाला नावाची मुलगी येते. चांगली आहे. मला भाजी चिरायला देतात. गॅसच्या बाजूला जायचं नाही, असं कोणी बोलून दाखवलेलं नाही, पण मी उठले की दीपमाला मध्ये येऊन उभी राहते.

ती त्याच पुड्या वापरते. दोन्ही वेळा दोन-दोन भाज्या, म्हणून दिवसाला सोळा.

कचऱ्याचा डबा रात्री दाराबाहेर ठेवायचा. सकाळी सहापर्यंत तो रिकामा झालेला असतो. मी पूर्णिमाला विचारलं, "कोण नेतं गं?"

"हाउसकीपिंग असतं ना, आई."

"ते कोण?"

"असतात लोक. एजन्सीचे."

परवा मी साडेपाचला उठून दार किलकिलं करून बसले होते. चपलांचा आवाज आला, डबा आपटल्याचा आला. दार पूर्ण उघडून बाहेर येईपर्यंत लिफ्टचं दार मिटत होतं. त्या फटीत एक निळी बाही दिसली आणि बांगड्या. चेहरा नाही दिसला. मी हाक मारणार होते, पण काय नावानं मारायची ते माहीत नव्हतं.